वाडा पडायच्या आधी, फ्लॅट स्कीम उभी राहिल्यावर: बदलत्या नागपूरचे फोटो

महालातल्या एका गल्लीत मी तिपाई लावून उभी होते. समोर दोन मजली वाडा. खाली सागवानी खांब, वर कवेलू म्हणजे मातीची कौलं, आणि कवेलूंच्या मधोमध अंथरलेली निळी ताडपत्री. ओट्यावर बसलेल्या आजोबांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मग विचारलं, "काय करून राहिली बाई? मोजणीवाले आले काय?"

मी म्हटलं, "नाही आजोबा, नुसता फोटो काढते आहे."

त्यांचा विश्वास बसला नाही. रस्ता रुंद व्हायचा असतो त्या भागात तिपाई घेऊन येणारा माणूस एक तर मोजायला येतो, नाहीतर पाडायला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मंग ह्या पडक्या घराचा कायले काढता? हायकोर्टाचा काढा न."

हा सगळा लेख त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे. तिथे उभ्या उभ्या मला ते नीट देता आलं नव्हतं.

हायकोर्टाची इमारत सुंदर आहे यात वाद नाही. नवी दिल्लीचा आराखडा करणाऱ्या लुटियन्ससोबत काम केलेल्या हेन्री मेड या वास्तुकाराने ती रचली आणि 1940 मध्ये ती वापरात आली. तिचे नकाशे आहेत, तिच्यावर लेख आहेत, हजारो फोटो आहेत. शहराच्या वारसा यादीत तिला मानाचं स्थान आहे. उद्या कुणी विचारलं की 1990 मध्ये ती कशी दिसत होती, तर उत्तर अर्ध्या तासात मिळेल. आजोबांच्या वाड्याबद्दल तेच विचारलं तर? त्याचे फोटो असतीलच, तर कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये, नवरदेवाच्या मागे, अर्धे कापलेले.

शहराचा बराचसा भाग अशाच इमारतींचा असतो. कोणत्याही यादीत नसलेली, वास्तुकाराचं नाव नसलेली घरं, दुकानं, गोदामं, चाळी. शहर बदलतं तेव्हा आधी तीच जातात, आणि जाताना मागे काही ठेवत नाहीत. त्यांची नोंद ठेवणं म्हणजे वास्तूंचं दस्तऐवजी छायाचित्रण. शब्द जड आहे, पण काम हातात फोन असलेल्या कुणालाही करता येतं, फक्त काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

माहितीपत्रकातला फोटो आणि दप्तरातला फोटो

बिल्डरच्या माहितीपत्रकात इमारतीचा फोटो कसा असतो? संध्याकाळचं गर्द निळं आकाश, प्रत्येक खिडकीत पिवळा दिवा, रस्त्यावर चिटपाखरू नाही, विजेच्या तारा पुसून टाकलेल्या. इमारत जशी असावी असं बांधणाऱ्याला वाटतं, तशी ती दाखवायची असते. त्या कामासाठी ते ठीकच आहे.

दस्तऐवजी फोटोत इमारत आज जशी वापरली जाते तशी हवी. गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या, खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसवलेला कूलर, तळमजल्यावरच्या दुकानाची पाटी, एका खांबावरून दहा घरांत गेलेल्या तारा, हे सगळं त्यात राहू द्यायचं. नागपुरात तर कूलर हा वास्तुरचनेचाच भाग मानायला हवा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या गावात कोणत्या खिडकीला कूलर आहे, कोणत्या मजल्यावर एसीची पेटी आली, कुठे अजून खसचं तट्टं लागतं, यावरून त्या घराबद्दल आणि त्या वर्षाबद्दल किती कळतं! आज कुरूप वाटणारी ही वस्तू आणखी पंचवीस वर्षांनी फोटोतली सर्वांत बोलकी गोष्ट असू शकते. म्हणून हल्ली फोन देतात त्या "वस्तू पुसा", "आकाश बदला" या सोयी या कामात मी अजिबात वापरत नाही. तार पुसली की फोटो खोटा झाला असं मी मानते.

पाडणाऱ्यांनीच नेमलेले फोटोग्राफर

या कामाची सुरुवात बऱ्याच ठिकाणी पाडकामाच्या कचेरीतूनच झाली. 1853 नंतर पॅरिसमध्ये हाउसमान नावाच्या प्रशासकाने जुन्या गल्ल्या फोडून सरळ रुंद रस्ते काढायला घेतले. 1862 मध्ये त्या शहराने शार्ल मारव्हिल याला अधिकृत छायाचित्रकार म्हणून नेमलं आणि जाणार असलेल्या रस्त्यांचे सव्वाचारशेच्या आसपास फोटो त्याच्याकडून काढवून घेतले. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत 1868 पासून टॉमस अ‍ॅनन याने दाटीवाटीच्या वस्त्यांचे असेच फोटो काढले. त्याला काम देणाऱ्या संस्थेचं नाव होतं ग्लासगो शहर सुधार प्रन्यास. नागपूरकरांना हे नाव ओळखीचं वाटेल. आपल्याकडचा सुधार प्रन्यास 1936 च्या कायद्याने आला, आणि आजच्या शहराचे कितीतरी रस्ते आणि ले-आउट त्याच्याच आखणीतले आहेत. "सुधारणा" या शब्दासोबत पाडकाम येतं, हे जगभर सारखंच आहे.

मारव्हिलनंतर पॅरिसमध्येच अजे नावाचा एक माणूस साधारण 1897 पासून 1927 मध्ये मरेपर्यंत पहाटे उठून जुन्या दुकानांचे, जिन्यांचे, दारांच्या कड्यांचे फोटो काढत राहिला. जड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या पाट्या (त्या काळचे निगेटिव्ह) पाठीवर घेऊन. स्वतःला तो कलावंत म्हणवत नसे. चित्रकारांना आणि ग्रंथालयांना उपयोगी पडतील असे "दस्तऐवज" मी विकतो, असं तो सांगे. त्याच्या मृत्यूनंतर बेरेनिस अ‍ॅबट या तरुण अमेरिकन बाईने त्याच्या उरलेल्या काचा विकत घेऊन वाचवल्या. पुढे 1935 ते 1939 या काळात तिने न्यूयॉर्कमध्ये सरकारी प्रकल्पाखाली तीनशेहून जास्त फोटो काढले. त्यात गगनचुंबी इमारती आहेत, आणि त्यांच्या सावलीत उरलेली लोखंडी सामानाची दुकानं, बेकऱ्या, उन्नत रेल्वेचे खांबही आहेत. नवं आणि जुनं एकाच चौकटीत घेण्याची तिची पद्धत मला फार जवळची वाटते. नुसत्या जुन्याचा हळवेपणा त्यात नाही.

नागपुरात काय काय एकावर एक बसलं आहे

फोटो काढण्याआधी समोरची इमारत कोणत्या काळातली, हे ढोबळपणे ओळखता आलं पाहिजे. नागपूर त्यासाठी चांगली शाळा आहे.

गोंड राजा बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला इथल्या बारा वस्त्या जोडून शहर वसवलं, मग भोसल्यांचं राज्य आलं. महालातला गांधीगेट म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, त्याच काळाची खूण. वाड्यांची ओळख म्हणजे देवडी, चौक, ओसरी, माजघर, जाड भिंती आणि सागवानी मयाली, म्हणजे आडव्या तुळया. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, 1853 नंतर राज्य खालसा झालं, 1867 मध्ये रेल्वे आली, आणि 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. इंग्रजांच्या काळातल्या सरकारी इमारतींत पिवळसर-तांबूस वालुकाश्म दिसतो. कामठी परिसरात निघणाऱ्या या दगडाला भूगर्भशास्त्रात थेट कामठीचंच नाव आहे. सिव्हिल लाइन्सचे बंगले म्हणजे उंच छत, सभोवार व्हरांडा आणि मोठं आवार.

1956 मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी इथून गेली. पण शहर वाढायचं थांबलं नाही. धरमपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर अशा भागांत समोर बाग आणि मागे विहीर असलेली एकमजली-दुमजली घरं उभी राहिली. सिमेंटचे बारीक खांब, गोल कोपऱ्याची गॅलरी, जिन्याच्या भिंतीत सिमेंटच्या जाळ्या, फाटकावर घराचं नाव: "मातृछाया", "श्रमसाफल्य". माझ्या मते नागपुरात आज सर्वांत झपाट्याने नाहीसा होणारा थर हाच आहे, आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नाही. वाड्याबद्दल निदान हळहळ तरी व्यक्त होते. 1965 चं "मातृछाया" विकलं जातं, पावसाळ्याआधी पडतं, आणि दिवाळीनंतर तिथे स्टिल्ट पार्किंगवर चार मजल्यांची फ्लॅट स्कीम दिसायला लागते. नाव मात्र पुष्कळदा तेच ठेवतात, पुढे "अपार्टमेंट" जोडून. तुमच्या गल्लीत असं एखादं घर असेल तर त्याचा फोटो वाड्याच्या आधी काढा.

एम्प्रेस मिलचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. गांधीसागरजवळच्या त्या जागी आता मॉल आणि उंच निवासी इमारती आहेत. गिरणीच्या मुख्य भागांचे फोटो सापडतात, पण कामगार रोज ज्या गल्लीने जायचे ती गल्ली, फाटकासमोरची चहाची टपरी, सायकली लावायची जागा, यांचे किती सापडतील?

सगळ्यात महत्त्वाचं: तुम्ही कुठे उभे होतात

आता जरा तांत्रिक भाग. बदल दाखवायचा तर एकाच जागेचे दोन फोटो लागतात, आधीचा आणि नंतरचा. ते एकमेकांवर ठेवता आले पाहिजेत. जुना फोटो घेऊन त्याच ठिकाणी जाऊन पुन्हा काढण्याच्या या पद्धतीला पुनर्छायाचित्रण म्हणतात. त्यातली खरी मेख आहे ती उभं राहण्याची नेमकी जागा शोधण्यात.

एक सोपा प्रयोग करा. हात लांब करून अंगठा उभा धरा, एक डोळा मिटा, आणि अंगठ्याच्या मागे भिंतीवरचं कॅलेंडर दिसेल असं बघा. आता अंगठा न हलवता डोकं डावीकडे न्या. अंगठा कॅलेंडरच्या उजवीकडे सरकल्यासारखा दिसेल. जवळची वस्तू लांबच्या वस्तूच्या तुलनेत आपल्या उलट दिशेला सरकते. जुन्या फोटोत नेमकं हेच बघायचं असतं.

समजा तुमच्याकडे झीरो माइल या नागपुरातल्या जुन्या सर्वेक्षण-खुणेच्या खांबाचा जुना फोटो आहे आणि त्यात खांबाची डावी कड मागच्या एका इमारतीच्या कोपऱ्याला चिकटलेली दिसते. जागेवर जाऊन ती कड आणि तो कोपरा जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. जुळलं, की तुम्ही एका सरळ रेषेवर आलात. त्या रेषेवर पुढे-मागे कुठे, ते अजून कळलेलं नाही. त्यासाठी फोटोच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक जोडी शोधायची: दिव्याचा खांब आणि त्यामागचं झाड, किंवा कुंपणाचा कोपरा आणि लांबचं शिखर. तीही जुळली की दुसरी रेषा मिळाली. दोन रेषा जिथे छेदतात, तिथेच तो जुना फोटोग्राफर उभा होता. उंचीसुद्धा अशीच काढता येते. जवळच्या खिडकीचा उंबरा मागच्या छपराच्या कोणत्या ओळीवर येतो ते बघायचं. एखादा फोटो पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून काढला होता, हे असंच उलगडतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळांना वाटतं की पुढे चालत जाणं आणि झूम करणं एकच. तसं नाही. झूमने चित्र फक्त मोठं होतं. जवळची वस्तू लांबच्या वस्तूला किती झाकते, हे केवळ तुमच्या उभं राहण्याच्या जागेवर ठरतं. त्यामुळे जागा बरोबर असेल तर लेन्स वेगळी असली तरी चालतं, नंतर कापून जुळवता येतं. जागाच चुकली तर कोणतीही लेन्स उपयोगाची नाही.

झीरो माइलचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. 1907 मध्ये भारतीय सर्वेक्षणाने तिथे बसवलेल्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे: 1020.171 फूट. आसपासच्या उंच्या ज्याच्या आधाराने मोजायच्या, तो हलवायचा नाही असा बिंदू. पुनर्छायाचित्रणालाही असा न हलणारा आधार लागतो. सगळंच पडलं असेल तर काय शिल्लक राहतं ते शोधा: देवळाचं शिखर, सीताबर्डीची टेकडी, तलावाचा काठ, नाग नदीवरचा पूल, रस्त्याचं वळण. घरं जातात पण प्लॉटच्या हद्दी आणि गल्लीचं वळण बहुधा टिकून राहतं.

आणि तुम्ही आज जो फोटो काढाल, तो पुढच्या माणसासाठी "जुना फोटो" असणार आहे. म्हणून चौकटीत अशी एक-दोन टिकाऊ वस्तू मुद्दाम येऊ द्या. फक्त दरवाजाचं नक्षीकाम भरून काढलेला फोटो सुंदर असतो, पण तो दरवाजा कुठे होता हे त्यावरून कुणालाही कधीच कळणार नाही.

इमारत मागे पडल्यासारखी का दिसते

गल्लीत उभं राहून चार मजल्यांचा फोटो काढला की इमारत वर निमुळती होते, जणू मागे रेलली आहे. कारण आपण फोन वर तिरका करतो. फोनची पाठ भिंतीला समांतर असेल तर उभ्या रेषा उभ्याच राहतात. फोन मागे कलला की इमारतीचा वरचा भाग कॅमेऱ्यापासून तुलनेने लांब पडतो आणि लहान दिसतो.

उपाय साधे आहेत. फोन सरळ उभा धरा, पडद्यावर चौकटीच्या रेषा चालू ठेवा, आणि शक्य तितके मागे जा. खाली बराच रस्ता येईल, तो नंतर कापता येतो, किंवा राहू द्या, रस्त्याचाही इतिहास असतो. मागे जायला जागा नसेल तर समोरच्या घराचा दुसरा मजला गाठा. महालात आणि इतवारीत मी असे कितीतरी जिने चढले आहे, आणि बहुतेक ठिकाणी पाणी, चहा आणि घराचा पूर्ण इतिहास मिळाला आहे. मोठ्या कॅमेऱ्यांसाठी भिंग वर-खाली सरकवता येणारी खास लेन्स मिळते, ती महाग असते. संगणकावर रेषा सरळ करता येतात, पण त्यात कडा कापल्या जातात, म्हणून आधीच मोकळी जागा सोडून फोटो घ्यावा. फोनमधली अतिरुंद लेन्स शक्यतो टाळा. कोपऱ्यातल्या वस्तू ती ताणते आणि दहा फुटांची गल्ली तीस फुटांची दाखवते. रुंदी हाच जिथे वादाचा विषय आहे, तिथे ही चूक लहान नाही.

ऊन

पूर्वेकडे तोंड असलेली इमारत सकाळी, पश्चिमेकडची दुपारनंतर, एवढं सगळ्यांना कळतं. उत्तरमुखी घराची अडचण वेगळी. थंडीत त्याच्या दर्शनी भागावर ऊन पडतच नाही. नागपूर साधारण 21 अंश अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत पहाटे आणि मावळतीला उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन येतं आणि नक्षीचा उठाव दिसतो. उन्हाळ्याचा जाच सोसायची तयारी असेल तर ही संधी सोडू नये.

अरुंद गल्लीत मात्र उन्हापेक्षा ढग बरे. उन्हात अर्धी भिंत पांढरीफटक आणि अर्धी काळी येते. श्रावणातल्या ढगाळ सकाळी सगळं सारखं दिसतं, शिवाय भिंत कुठे ओली आहे, पाणी कुठून झिरपतं, तेही फोटोत येतं. झाडाआड लपलेल्या इमारतींसाठी पानगळीचे दिवस बघा. आणि दुसरा फोटो काढाल तेव्हा महिना आणि वेळ शक्यतो पहिल्याचीच ठेवा, नाहीतर फरक इमारतीचा की सावलीचा, हे सांगता येत नाही.

एकच वस्तू, पन्नासदा

जर्मनीत बेर्न्ट आणि हिला बेखर या जोडप्याने 1959 पासून कित्येक दशकं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, कोळसाखाणींचे मनोरे एकाच पद्धतीने टिपले. आकाश पांढुरकं, वस्तू मध्यभागी, समोरून. मग ते फोटो ओळीत मांडायचे. एकटी टाकी बघून काही वाटत नाही, पण पंधरा टाक्या शेजारी ठेवल्या की प्रत्येकीचा स्वभाव दिसायला लागतो.

नागपुरात ही पद्धत किती गोष्टींना लागू पडेल! जलकुंभ तर आहेतच. सिमेंटच्या जाळ्या, कूलरच्या घोड्या, फाटकांवरची नावं, सराफा ओळीतल्या दुकानांच्या लाकडी फळ्या. एक विषय निवडून वर्षभर तेवढाच धरून बसायला मी नव्या माणसाला नेहमी सांगते. सगळं शहर टिपायला निघालेला तिसऱ्या रविवारी थकतो.

मेट्रोने दिलेली नवी जागा

मार्च 2019 मध्ये नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा धावायला लागला. वर्धा रोडवर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी 3.14 किलोमीटरची दुमजली रचना आहे. कामठी रोडवर गड्डीगोदामला तर रस्ता, रेल्वेमार्ग, उड्डाणपूल आणि मेट्रो असे चार थर एकावर एक आले. या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंच्या कितीतरी इमारती होत्या तशाच आहेत. बदललं ते त्यांच्यासमोरचं आकाश. पूर्वी लांबून दिसणारी इमारत आता खांबांच्या फटीतून तुकड्यांत दिसते. हा बदल कोणत्याही एका इमारतीच्या फोटोत येणार नाही. त्यासाठी अख्ख्या रस्त्याचा, दोन चौकांमधला, काढावा लागतो.

पण मेट्रोने एक गोष्ट दिलीही. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून चितार ओळी, अग्रसेन चौकाकडे जाताना जुन्या शहराची छपरं आता डोळ्यांच्या खाली येतात. पूर्वी ही उंची कुणाला मिळत नव्हती. कवेलू, टिनाचे पत्रे, काळ्या टाक्या, सौर पट्ट्या, आणि मधेच दिसणारा एखाद्या वाड्याचा उघडा चौक. कवेलू कुठे उरले आहेत हे रस्त्यावरून कळत नाही, इथून कळतं. स्थानकात आणि गाडीत फोटो काढण्याबाबत त्या वेळी काय नियम आहेत ते मात्र आधी बघून घ्या.

पाठीमागे काय लिहायचं

हे माझ्या चुकीतून शिकले आहे. सुरुवातीच्या चार वर्षांचे माझे फोटो एका डिस्कवर होते. ती बंद पडली. काही फोटो मैत्रिणींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, ते परत मिळाले, पण लहान होऊन आणि तारखेविना. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि त्यात दडलेली तारीख, वेळ, ठिकाण ही माहिती काढून टाकतं. आज माझ्याकडे एका सुंदर दिंडी दरवाजाचा फोटो आहे, आणि तो महालातला की जुन्या शुक्रवारीतला, हे मला सांगता येत नाही. तो फोटो पाहिला की अजून जीव कळवळतो.

तेव्हापासून प्रत्येक फोटोसोबत पाच गोष्टी लिहिते: तारीख आणि वेळ, मी कुठे उभी होते, तोंड कोणत्या दिशेला होतं, समोर काय आहे, आणि ही माहिती कुणी दिली. शेवटची गोष्ट विसरू नका. "हा वाडा दोनशे वर्षांचा" असं कुणी सांगितलं तर तसंच लिहायचं, की राहणाऱ्यांनी सांगितलं. मूळ फाइल कधी बदलायची नाही. तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. छापून ठेवलेला कागदही एक प्रतच आहे, आणि तो उघडायला पासवर्ड लागत नाही. फोटो सगळ्यांना वापरता यावेत असं वाटत असेल तर विकिमीडिया कॉमन्ससारख्या मुक्त भांडारात टाकता येतात.

कायद्याचं थोडक्यात: 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 प्रमाणे वास्तूचा फोटो काढल्याने वा छापल्याने वास्तुकाराच्या हक्काचा भंग होत नाही. पण लष्करी जागा वेगळ्या. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांसाठी 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला उघडतो. तिथे त्यांचे नियम पाळायचे. ड्रोनला 2021 चे नियम लागू होतात, विमानतळाजवळ तर फार सांभाळून.

कायद्याइतकंच महत्त्वाचं आहे ते विचारणं. पुष्कळ जुन्या घरांत भाडेकरू आणि मालकांचे वर्षानुवर्षांचे दावे चालू असतात. तुमचा फोटो उद्या कुणाच्या तरी विरुद्ध कागद म्हणून उभा राहू शकतो. घरातल्या बाया मागच्या अंगणात वावरत असतात. म्हणून आधी बोलायचं, नाही म्हटलं तर पुढे जायचं, आणि हो म्हटलं तर छापलेली एक प्रत नेऊन द्यायची.

आजोबांना मी तशी प्रत नेऊन दिली, दीड वर्षाने. तोवर वाड्याचा पुढचा भाग रस्त्यात गेला होता. ओटा नव्हता, सागवानी खांब नव्हते, कापलेल्या भिंतीला विटांचं नवं तोंड लागलं होतं. आत प्लास्टिकच्या खुर्चीवर ते बसले होते. फोटो डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी पाहिला, मग नातवाला हाक मारली आणि पेन मागितलं. फोटो उलटा करून मांडीवर ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, डावीकडून उजवीकडे, लिहायला लागले: "देवडी. इथं बाबांचं दुकान. कोनाडा, संध्याकाळी दिवा. वर माझी खोली."